रणभवानीवरचा कोरडा काथ्या

मतलई वारा सुटला होता. पूर्वेला डोंगरांच्या रांगेमागे तांबडे फुटत होते आणि खाडीच्या मुखाशी, काळ्या कातळावर उभ्या असलेल्या शंखगडाच्या बुरुजांवरची निशाणे समुद्राच्या दिशेने फडफडत होती. पावसाळा सरून दर्या नुकताच निवळला होता. आज सरसुभेदारांसमोर आरमाराची कवायत होती, आणि नऊ गलबतांच्या मधोमध सतरा तोफांची गुराब रणभवानी गडासमोर दर्यात, गडाकडे कूस करून उभी होती.

रणभवानीचा सरदार सुभानराव दळवी हा घाटावरच्या मातब्बर घराण्यातला. मिशांना पीळ, कमरेला जरीचा शेला, आणि पोहण्याच्या नावाने शून्य. खलाशी पाठीमागे हसत आणि समोर मुजरा करत. गुराबीच्या खलाशांवरचा तांडेल धर्माजी मयेकर मात्र कधीच हसत नसे. या माणसाच्या हाताखालची चाकरी त्याने मागून घेतली होती ती एकाच कारणासाठी, त्याला सुभानरावाचा सूड घ्यायचा होता.

गेल्या साली हबशांशी झुंज चालू असताना धर्माजीचा थोरला भाऊ भिवाजी याचे गलबत पेटले. मदतीला धावण्याऐवजी सुभानरावाने धुराच्या आडोशाने आपली गुराब फिरवली आणि पळ काढला. छत्तीस माणसे जळाली, बुडाली. वर या शूराने दरबारात सांगितले की, पळाला तो भिवाजी! एकच खलाशी पोहत किनाऱ्याला लागला होता, तो धर्माजीच्या मांडीवर खरे काय ते सांगून मेला. मेलेल्याची साक्ष दरबारात कोण धरणार, आणि सरदाराविरुद्ध त्याचा कोणता खलाशी तोंड उघडणार? नारळी पौर्णिमेला कामी आलेल्यांची नावे पुकारून दर्याला नारळ वाहिले गेले, त्यांत भिवाजीचे नाव नव्हते. त्याची बायको नारळ हातात घेऊन वाळूत उभी राहिली आणि तशीच घरी परतली. त्या दिवसापासून धर्माजीला अन्न गोड लागत नव्हते.

कवायतीत तोफेत गोळा नसतो. नुसती दारू असते आणि ती ठासायला वर काथ्याचा बोळा. तो बोळा खाऱ्या पाण्यात भिजवलेलाच हवा, असा शंखगडच्या आरमाराचा दंडक होता, कारण कोरडा बोळा पेटूनच तोफेबाहेर पडतो. पण ओल्या बोळ्याने बार दबका होतो, आणि सुभानरावाला आज दणका हवा होता.

"लुमाजी," त्याने गोलंदाजाला फर्मावले, "सरसुभेदार बुरुजावर विराजमान आहेत. बार असा व्हावा की गड हादरला पाहिजे. बोळे कोरडेच भरा."

लुमाजी घाबरला. "सरकार, वारो तोंडार आसा. इंगळो उलटो आपल्याच शिडार येतलो."

"आम्ही हुकूम दिला आहे. सल्ला मागितलेला नाही."

लुमाजीने धर्माजीकडे पाहिले. तांडेलाने नाही म्हटले असते, तर दंडकापुढे सरदाराचेही काही चालले नसते. पण बार उलटला की साऱ्या आरमारादेखत या माणसाची नाचक्की होईल, एवढेच त्या क्षणी धर्माजीला दिसत होते. त्याने मान फिरवली आणि तो सुकाणूकडे चालू लागला.

बत्ती लागली. गड खरोखरच हादरला, बुरुजावरून शाबासकीची शिंगेही वाजली, आणि तेवढ्यात पेटलेले बोळे वाऱ्यावर उलटून मोठ्या शिडात शिरले. बघता बघता शीड भडकले, जळते तुकडे खाली दोरखंडांवर पडू लागले, आणि तळाशी दारूकोठी गच्च भरलेली असल्याचे आठवून ऐंशी माणसांच्या तोंडचे पाणी पळाले. लुमाजी कोणाची वाट न पाहता कोयता दातांत धरून डोलकाठीवर चढला. त्याने शिडाचे दोर तोडले, जळते शीड समुद्रात गेले आणि त्यात गुरफटून तोही गेला, तो पुन्हा वर आलाच नाही.

खाली दोरखंड अजून पेटतेच होते. सुभानराव गलबतामागे बांधलेल्या मचव्याकडे धावला. पुन्हा पळ! धर्माजीने कुऱ्हाड उचलली आणि एका घावात मचव्याचा दोर तोडला. मचवा लाटांवर दूर गेला. मग त्याने सुभानरावाचा शेला धरून त्याला फरफटत दारूकोठीच्या झाकणापाशी आणले आणि एक ओले शीड त्याच्या अंगावर फेकले.

"हे झाकणावर दाबून बसावं, सरकार. ठिणगी आत गेली तर पहिले आपण. गेल्या साली आपण माझ्या भावाला सोडून गेलात. आज आमच्यासोबत राहायचं."

"तांडेल, आम्हांला सोडा! हात जोडतो!"

"भिवाजी पळाला होता?"

"नाही! नाही पळाला! आम्ही पळालो, आम्ही खोटं बोललो! आता तरी सोडा!"

आगीवर पाणी ओतणारी खलाशांची बादल्यांची रांग क्षणभर थबकली. चाळीस माणसांनी ते ऐकले, आणि मग पाणी दुप्पट जोराने पडू लागले. घटकाभरात आग विझली.

दरबारात सुभानरावाने अर्थातच कानांवर हात ठेवले. पण चाळीस खलाशांनी समुद्राची शपथ घेऊन साक्ष दिली. सरसुभेदारांनी त्याची सरदारी काढून घेतली, त्याला बेड्या ठोकल्या आणि कामी आलेल्यांच्या यादीत भिवाजीचे नाव चढवण्याची आज्ञा केली. धर्माजीचे डोळे भरून आले.

"तांडेल," सरसुभेदार म्हणाले, "बोळे कोरडे भरले जात असताना आपण कोठे होतात?"

"तिथेच होतो, महाराज. हुकूम ऐकला आणि मान फिरवली."

"मग बोलला का नाहीत?"

"सूड डोक्यात होता, महाराज."

सरसुभेदारांनी त्याची तांडेलकी काढली. धर्माजीने मुजरा केला आणि तो तडक लुमाजीच्या घरी गेला. म्हातारा बाप अंगणात बसला होता. धर्माजीने त्याच्या पायांवर डोके ठेवून काही न लपवता सारे सांगितले.

म्हातारा पाय मागे ओढून घेत म्हणाला, "तुझ्या भावाचा नाव उजाळला मां? मगे माझ्या झिलाचा नाव तुझ्या तोंडान घेव नको."

आणि त्याने आत जाऊन दार लावून घेतले.