मुंबई टाइमचं घड्याळ

बंद झाकण दिसलं की ते उघडून पाहायचं, ही इद्रीस घड्याळजींची जन्माची खोड. मग ते झाकण घड्याळाचं असो, डब्याचं असो, की दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीचं. रत्नागिरीत रामआळीच्या तोंडाशी त्यांचं चार हात रुंदीचं दुकान होतं. शेजारच्या गंगाराम शिंप्याचं म्हणणं असं की, इद्रीसमियां घड्याळ दुरुस्त करतात ते गिऱ्हाइकासाठी नव्हेच, आत काय बिघडलंय ते स्वतःला कळावं म्हणून. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

दुसरी मोठी लढाई संपून दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. आता सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळी मुंबई शहराचा स्वतःचा असा वेगळा टाइम होता. सरकारी टाइमच्या चांगला एकोणचाळीस मिनिटं मागे. आगगाड्या नि कचेऱ्या सरकारी टाइमवर चालत आणि मुंबईची जुनी मंडळी आपल्या मुंबई टाइमला धरून बसत. शेवटी मुंबईनेही हट्ट सोडला आणि आपली घड्याळं पुढे केली. रत्नागिरीला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण इथे आधीपासून सगळा सरकारी टाइमच होता. एक घर मात्र त्याला अपवाद होतं.

त्या घरचा निरोप घेऊन साखरतरचा बाबल्या तरीवाला दुकानी आला. "आरे गावच्या हफीजाबीनं बोलावलंय," तो म्हणाला. "भिंतीवरचं घड्याळ पुढं कराचं हाय."

"पुढं कराचं? ते तर काटा सरकवला की झालं. त्याला मी कशाला हवा?"

"मना काय ठाव? मना दोनच टाइम कळतात, भरती नि सुकती. उद्या दुपारी या नि सहाच्या आत परत फिरा, नायतर होडी चिखलात बसेल."

इद्रीसना हफीजाबी ऐकून माहीत होती. तिचा नवरा गुलाम रसूल बोटीवर तेलवाला, म्हणजे इंजिनाला तेल घालणारा. लढाईच्या तिसऱ्या वर्षी त्याची बोट बुडाली. आरे, काळबादेवी, मालगुंड, जयगड अशा गावांची साठेक कोकणी माणसं त्या बोटीवर होती आणि त्यातलं एकही परत आलं नाही. बाकीच्या घरांनी रडून घेतलं, गेलेल्यांच्या नावाने फातिहा दिली. नवरा गेल्यावर बाई पाळते त्या इद्दतीला हफीजाबी बसली नाही. नवरा कुठे आहे असं कुणी विचारलं तर ती "बोटीवर" म्हणायची. लोकांनी पुढे विचारणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी इद्रीस हत्यारांची पिशवी घेऊन खाडी उतरून गेले. कलमांना कैऱ्या लगडल्या होत्या, सड्यावरचा जांभा तापून भाजत होता. आऱ्याच्या उतारावर सुरूच्या बनात शिरल्यावर कुठे जिवाला गार वाटलं. घर बनाच्या पलीकडे होतं, लांब पडवीचं, समोर समुद्र. पडवीत एक वेताची खुर्ची होती. खुर्चीच्या मागच्या भिंतीवर लंबकाचं, ठोक्यांचं घड्याळ होतं.

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. इद्रीसनी सवयीने खिशातलं आपलं घड्याळ काढलं. पाचाला सोळा मिनिटं कमी. एकोणचाळीस मिनिटांचा फरक चोख होता, अर्ध्या मिनिटाचाही घोळ नाही. तेरा वर्षं कुठल्याही घड्याळजीचा हात न लागलेलं घड्याळ इतकं चोख चालतंय, हे पाहून त्यांना हेवाच वाटला.

हफीजाबी डोक्यावर ओढणी सावरत बाहेर आली. पन्नाशीची, ताठ पाठीची बाई. "इद्रीसभाय, तुम्हाला उन्हाचं चालवलं. पण चावी देण्यापलीकडं ह्या घड्याळाला मी हात लावत नाय. त्यांनी लावलेलं हाय."

"गुलाम रसूलभायनी?"

"शेवटचे आले तेव्हा मुंबईहून हे आणलं नि स्वतःला एक खिशातलं. दोन्ही एकदम लावली. बोलले, हे मुंबई टाइमवर ठेव, माझंही मुंबई टाइमवरच ऱ्हाईल. तुझे पाच वाजले की माझेही पाच. पाचला आपण चहा घेऊ, तू हितं, मी तिथं." तिने घड्याळाकडे पाहिलं. "आता नझीरनं, माझ्या दिरानं, मुंबईहून लिवलंय की मुंबईनं टाइम बदलला. मग माझं घड्याळ मागंच ऱ्हायलं तर त्यांचा शब्द मोडल्यासारखं होईल ना?"

इद्रीसना तिचा हिशेब एकदम पटला. बाई वेडी असेल असं ऐकलं होतं, पण इतका सरळ विचार शहाण्यांच्याही हातून होत नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण खोड कुठे जाते! त्यांच्या तोंडून निघून गेलंच.

"बरोबर आहे, भाबी. पण त्यांच्या खिशातल्या घड्याळाचं काय? त्यांना कोण सांगणार?"

हफीजाबीचा ओढणीवरचा हात तसाच राहिला. "सगळ्या मुंबईला कळलं... त्यांना नाय कळणार?" एवढं म्हणून ती आत चुलीकडे गेली.

इद्रीस आपली जीभ चावत पाणी प्यायला विहिरीकडे गेले. तिथे तिची मुलगी बिल्किस कळशी भरत होती. गावच्या उर्दू शाळेत ती शिकवायची, शहाणीसुरती मुलगी. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"चाचा, घड्याळ पुढं नका करू."

"का गं?"

"पाचला आय दोन कप ठेवते. एक तिचा, एक बावांचा..." ती अडखळली. "बावांचा कप रिकामा होतो."

"आयच पीत असेल, बाळा."

"मलाही तसंच वाटायचं. मागच्या श्रावणात आय तापानं पडली होती. मीच कप ठेवला. मीच समोर बसले, बघायचं म्हणून..." कळशी काठोकाठ भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. "चाचा, चहा खाली खाली जात होता. हळूहळू. जसं कुणी गरम चहा फुंकून पितं ना... तसा."

दुसरा कुणी असता तर त्याने पिशवी उचलून तरीची वाट धरली असती. इद्रीसच्या अंगावर काटा आला खरा, पण त्याच्या बरोबर त्यांची ती जुनी खाजही उठली. तेव्हा ते परत फिरले ते घड्याळाकडेच.

ठोक्यांच्या घड्याळाची एक रीत असते. काटा भर्रकन पुढे न्यायचा नाही. वाटेत जे ठोके येतील ते वाजू द्यायचे, नाहीतर काटे एक दाखवतात आणि ठोके दुसरंच सांगतात. इद्रीसनी काच पुसली, चाकांना तेलाचे चार थेंब दिले आणि काटा पुढे न्यायला सुरुवात केली. साडेचारचा एक ठोका झाला. मग पाचाचे पाच पडले. पाच वाजून पाच मिनिटांवर, खिशातल्या घड्याळाशी ताडून, त्यांनी हात काढला. बाहेर पाहिलं तर ऊन होतं तिथेच होतं.

पाच ठोके ऐकताच हफीजाबी दोन कप घेऊन आली. एक खुर्चीपुढच्या तिवईवर ठेवला, दुसरा घेऊन स्वतः जोत्यावर टेकली. इद्रीसनाही एक पेला मिळाला. बिल्किसही कळशी ठेवून पडवीच्या खांबाशी येऊन उभी राहिली. तिघांचीही नजर त्या तिवईवरच्या कपाकडे होती.

कपातली वाफ विरली. चहावर साय धरली. सायीवर एक माशी बसली आणि उडाली. पाच पंधरा झाले, पाच वीस झाले. कप तसाच भरलेला होता.

हफीजाबीचा चेहरा इद्रीसना पाहवेना. बोट बुडाल्याची तार आली त्या दिवशी ती रडली नाही म्हणतात. आज तिचे ओठ थरथरले. तेरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या घरात आपण एकट्या आहोत, असं तिला वाटलं असावं. तिने कप उचलला, माडाच्या बुडाशी ओतला आणि मुकाट आत गेली. इद्रीसना स्वतःची विलक्षण लाज वाटली. एका काट्याला हात लावून आपण या बाईचं काय काढून घेतलं?

बाबल्याच्या होडीची वेळ टळत चालली होती. हत्यारं भरून ते उठले खरे, पण पाय निघेना. त्यांनी खिशातलं घड्याळ पाहिलं. पाच अडतीस. म्हणजे जुन्या हिशेबाने पाचाला एक मिनिट कमी.

आणि पायरीवर पाऊल वाजलं.

पावलं जड होती, बुटांची होती, आणि ओली होती. एक... दोन... तीन. पायऱ्या रिकाम्या दिसत होत्या. वेताची खुर्ची करकरली आणि तिची बैठक खाली दबली. पडवीत तेलाचा वास पसरला. इद्रीसना आधी वाटलं, आपलीच बाटली सांडली. पण घड्याळाच्या तेलाला वास नसतो. हा वास इंजिनाच्या जाड तेलाचा, कोळशाचा होता, आणि त्याखाली खाऱ्या पाण्याचा.

तिवईवर कप नव्हता. खुर्ची थोडा वेळ गप्प राहिली. मग पुन्हा करकरली, दबलेली बैठक वर आली, आणि पावलं घड्याळापाशी गेली. इद्रीसनी नुकत्याच पुसलेल्या काचेवर, उंच माणसाचं तोंड येईल तिथे, वाफेचा एक डाग उमटला. विरला. पुन्हा उमटला. कुणीतरी अगदी जवळ जाऊन काटे निरखत होतं.

"आय..." बिल्किस पुटपुटली.

हफीजाबी दारात आली होती. तिने ओढणी पुढे ओढली आणि नवऱ्याशी बोलावं तसं, खालच्या मानेने, ती त्या काचेकडे बोलली. "तुम्हाला उशीर नाय झाला... मीच पुढं केलं. मुंबईचा टाइम बदललाय. तुमचं घड्याळ पुढं करून घ्या... एकोणचाळीस मिनिटं."

काचेवरची वाफ विरली ती पुन्हा आली नाही. पावलं थांबून राहिली. जावं की बसावं, हे ज्याला कळत नाही अशा माणसासारखी ती जागच्या जागी घुटमळली.

इद्रीसना राहवलं नाही. भीती वाटत होतीच, पण त्याहून कणव आली. आणि खरं सांगायचं तर, तेरा वर्षं समुद्रात चाललेलं ते घड्याळ कसं असेल, हाही विचार मनात होताच. ते बोलले, "रामआळीत माझं दुकान आहे, भाय. घेऊन या... मी लावून देतो."

पावलं पायऱ्या उतरून सुरूच्या बनाकडे गेली. इद्रीस तरीवर पोचले तेव्हा होडी चिखलात बसलेली होती आणि बाबल्या शिव्या देत होता. घोटाभर चिखल तुडवून पलीकडे जाताना त्यांना त्या शिव्यासुद्धा गोड लागल्या. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दुकान उघडायला गेले तर गंगाराम शिंपी आपल्या मशीनवरून ओरडला, "इद्रीसमियां, तुमचं गिऱ्हाईक येऊन गेलं. उंच गृहस्थ, निळ्या कपड्यातला. तुम्हीच बोलावलं म्हणाला. घड्याळ ठेवून गेलाय." आणि त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. फडकं ओलं होतं.

खिशातलं घड्याळ होतं. साखळी गंजून तुटलेली, पण तबकडी शाबूत. टिकटिक चालली होती. दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी इद्रीसनी ताडून पाहिलं. बरोबर एकोणचाळीस मिनिटं मागे.

त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत घड्याळ चालवणारी कमानच नव्हती. चाकं गंजून एकमेकांत चिकटली होती आणि उरलेल्या जागेत बारीक करडी वाळू ठासून भरली होती. असलं घड्याळ चालू शकत नाही. ते कानाशी धरलं तर चालत होतं. इद्रीस कितीतरी वेळ ते बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक झाकण आतलं काही न छेडता पुन्हा लावलं, काटे हलकेच पुढे केले आणि कोरड्या फडक्यात घड्याळ बांधून गंगारामकडे ठेवलं. दुपारी नमाज पढून परत आले तेव्हा पुडकं गेलेलं होतं.

संध्याकाळी दुकानातल्या सगळ्या घड्याळांनी मिळून पाच ठोके दिले. इद्रीसनी हातातला चिमटा खाली ठेवला. आता आऱ्याच्या पडवीत दोन कप आले असतील. त्यांना खात्री होती की आज दुसऱ्या कपावर साय धरणार नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी भिंग पुसण्याच्या फडक्यानेच टिपलं.

एवढ्यात मशीन झाकता झाकता गंगारामला आठवण झाली. "अरे हो, इद्रीसमियां, सांगायचं राहूनच गेलं. तो घड्याळवाला दुपारी न्यायला आला ना, फार खूश झाला तुमच्यावर. उद्या दुकान उघडं आहे ना, विचारत होता."

"का?"

"म्हणाला, बोटीवर आणखी साठेक जण आहेत. त्यांचीही घड्याळं अजून जुन्याच टाइमवर आहेत. उद्या सगळे मिळून येतो म्हणालाय."