एकशे सहा सेंटीमीटर

ही गोष्ट खरी आहे. शपथा घालत बसत नाही. मी संग्रहालयात चित्रं लावणारा माणूस आहे, एकोणीस वर्षं झाली. माझा सगळा विश्वास टेपवर. टेप कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून आकड्यांसकट सांगतो. पटलं तर बघा.

या पेजवरच्या गोष्टी मी नेहमी वाचतो. सगळीकडे अमावस्या आणि बंद पडलेली गाडी. माझ्या गोष्टीत रात्रच नाही.

सोमवारची सकाळ. आमच्या संग्रहालयाचा सुट्टीचा वार. दुसऱ्या मजल्यावरचं मोठं दालन, सगळे दिवे चालू.

प्रदर्शन एकाच चित्रकाराचं होतं. त्यांना सगळे 'सर'च म्हणतात. सव्वीस चित्रं, सगळी रिकाम्या खोल्यांची. त्यातल्या अकरा चित्रांत खिडकीतून ऊन आत आलेलं. लोक त्या उन्हासाठी येतात. पेपरातसुद्धा 'सरांचं ऊन' असंच छापून येतं.

ते ऊन माझ्या ताईचं आहे.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. सोळा वर्षं सरांच्या स्टुडिओत होती. सर खोली काढायचे, ऊन ताई भरायची. अंगाने लहानखुरी, त्यात पाठीचं दुखणं, म्हणून एका ठेंगण्या स्टुलावर बसून काम करायची. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. ती पुढे वाकली की टक, मागे झाली की टक. रंग लवकर वाळू नये म्हणून त्यात लवंगेचं तेल घालायची. घरी आली तरी तिच्या हातांना लवंगेचा वास यायचा.

"सर म्हणालेत, मोठ्या प्रदर्शनात भिंतीवर माझंही नाव लावणार," ती सांगायची. "तूच लावशील ना रे? सरळ लाव हं. जगाची चित्रं सरळ करतोस आणि घरातलं कॅलेंडर तिरकं."

"लावतो गं. आधी नाव तर येऊ दे."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तापाचं निमित्त झालं.

आठवडाभराने सर घरी आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून रडले. जाताना त्यांनी एक कागद पुढे केला. "काही नाही रे, संग्रहालयाला द्यायचा असतो. सही कर."

मी डोळे झाकून सही केली. माणूस आपल्या घरात बसून रडतोय, त्याचा कागद काय वाचायचा?

पुढे हे प्रदर्शन ठरलं. सरांनी शब्द टाकला आणि मी चित्रं लावणाऱ्या टीमचा मुख्य झालो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दारासमोरच्या भिंतीवर चिकटवायची अक्षरं छापून आली. मी गुंडाळी उलगडली. सरांचं नाव, हे एवढं मोठं. खाली माहिती. शेवटी आभार. फ्रेमवाल्याचे होते, ट्रकवाल्याचे होते.

ताईचं नाव नव्हतं.

मी तसाच प्रदर्शनाच्या मॅडमकडे गेलो. सगळी मांडणी, सगळा मजकूर त्यांच्या हातात.

"मॅडम, एक नाव राहिलंय."

त्यांनी ऐकून घेतलं आणि फाईल उघडली. "सर म्हणाले, त्यांचा कुणी मदतनीस नव्हता. शिवाय घरच्यांचं पत्र आहे. ही सही तुमचीच ना?"

माझीच होती. वर छापलेलं होतं की माझी बहीण सोळा वर्षं स्टुडिओत ब्रश धुणं आणि झाडलोट एवढंच करत होती, चित्रांशी तिचा संबंध नाही. सोळाचा आकडा तेवढा पेनने दुरुस्त केलेला.

सरांना सात फोन केले. उचलला नाही. ज्या माणसाला ताईने देव मानलं, त्याने केसाने गळा कापला.

आणि मी काय केलं? ती अक्षरं भिंतीवर लावली. लेव्हल धरून, सरळ.

आता सोमवारांबद्दल सांगतो.

आमचा नियम असा, चित्राचा मध्य जमिनीपासून दीडशे सेंटीमीटरवर. उभ्या माणसाच्या नजरेसमोर. दर सोमवारी मी टेप घेऊन एकेक चित्र तपासतो.

पहिल्या सोमवारी चौथ्या चित्रापाशी आलो आणि...

एकशे सहा.

चव्वेचाळीस सेंटीमीटर खाली. हुकही खाली आलेले. वर, जिथे मी स्वतः ड्रिल मारलं होतं, तिथे हात फिरवून पाहिला...

भोक नव्हतं. भिंत गुळगुळीत.

दारावरच्या पहारेकरी काकांना विचारलं. ते म्हणाले, "चित्राला काय पाय फुटलेत? मी इथून हललेलो नाही." कॅमेरा पाहिला. सात वाजून चार मिनिटांनी चित्र वर. सात वाजून पाच मिनिटांनी खाली. मधे कुणी नाही.

मी पुन्हा ड्रिल मारलं, चित्र वर घेतलं. शिडी उचलून वळलो, तेवढ्यात मागे...

टक.

दालनात एकही स्टूल नव्हतं.

दुसऱ्या सोमवारी पाच चित्रं खाली होती. पाचही उन्हाची, पाचही एकशे सहावर. आणि पाचव्यापाशी वास आला... लवंगेचा. मी रुमाल नाकाला लावला, तरी येतच राहिला.

घरी गेलो. ताईचं स्टूल माळ्यावर होतं, ते काढलं. बायको जवळपास ताईच्याच उंचीची. तिला त्यावर बसवलं आणि टेप काढली.

"समोर बघ. डोळे सरळ ठेव."

"आता काय, मला पण भिंतीवर लावताय की काय?"

जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं.

एकशे सहा.

मी टेप गुंडाळली. पण खरं सांगतो, भीती वाटण्याआधी मला बरं वाटलं. ताई आपलं काम स्वतः वेगळं काढून दाखवत होती. माझ्या बाजूने उभी होती.

तिसऱ्या सोमवारी सर येणार होते, कुठल्याशा पुस्तकासाठी फोटो काढायचे होते. मी मुद्दाम लवकर गेलो. दालनात पाऊल टाकलं...

अकरा चित्रं खाली. उन्हाची अकराच्या अकरा. बाकीची पंधरा जागच्या जागी.

मी एकालाही हात लावला नाही. थांबलो. सर आले, फोटोग्राफर खालीच होता अजून. सर दारात उभे राहिले. मग सावकाश पहिल्या चित्रासमोर गेले आणि उकिडवे बसले. बराच वेळ ते ऊन बघत होते.

"हो," ते स्वतःशीच म्हणाले. "ती इथूनच बघायची."

"कोण बघायची, सर?"

ते दचकले. मग उठून गुडघे झटकले.

"नाव लावा तिचं," मी म्हणालो. "आत्ता, माझ्यादेखत मॅडमना फोन करा. सोळा वर्षं तिने तुमचं ऊन भरलं."

"तू लिहून दिलंयस."

"फसवून सही घेतलीत तुम्ही. मी वाचलासुद्धा नव्हता तो कागद."

सर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, कीव आल्यासारखे.

"वाचला नव्हतास? अरे, मी पंधरा वर्षं लिहिलं होतं. 'पंधरा नाही सर, सोळा' म्हणालास. माझंच पेन मागून घेतलंस आणि खोडून सोळा केलंस."

दालनात माझ्या मागे...

टक.

पुढे वाकल्याचा आवाज. मागे झाल्याचा दुसरा टक येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. लवंगेचा वासही तेव्हाच गेला. कुणीतरी ऐकलं आणि उठून निघून गेलं, एवढंच मला समजलं.

मी अकराही चित्रं वर घेतली. त्यानंतर प्रदर्शन संपेपर्यंत एकही चित्र हललं नाही. सगळी दीडशेवर. पहारेकरी काका म्हणाले, "चला, सुटलात एकदाचे." मी मान डोलावली.

हो, वाचला होता कागद. ओळ न् ओळ वाचला होता. त्याआधी सर म्हणाले होते, "मोठं प्रदर्शन येतंय, टीमचा मुख्य तूच." मी म्हटलं, ताई तर गेली, तिला आता नावाचं काय. हे बायकोला माहीत नाही. या पेजवर तीही असते, आज कळेल. तुम्हालाही मघाशी खोटंच सांगितलं. दोन वर्षं स्वतःला तेच सांगत होतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

आमच्या जेवणाच्या टेबलासमोर ताईचा फोटो आहे. मीच लावलेला, दीडशेवर. प्रदर्शन उतरवलं त्यानंतरच्या सोमवारी जेवायला बसलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. टेप आणली...

एकशे एकसष्ट.

पुढच्या सोमवारी एकशे बाहत्तर. मग एकशे त्र्याऐंशी. मी खाली घ्यायचा प्रयत्न केला. हुक भिंतीतून निघत नाही, आणि फोटो हुकावरून सुटत नाही. बायको म्हणते, "एवढा वर कशाला लावलात? ताईंचा चेहरा दिसत नाही आता."

मागच्या सोमवारी दोनशे सत्तावीस होता. मोजायला तिच्याच स्टुलावर चढलो. काचेवर दिव्याची तिरीप होती, तिचे डोळे दिसलेच नाहीत. आमचं छत दोनशे ऐंशीवर आहे. हिशोब तुम्हीच करा.

मॅडमना लिहिलेलं पत्र माझ्या खिशात आहे. सगळं खरं लिहिलंय, सही केली आहे. अजून दिलेलं नाही. दिलं तर एकोणीस वर्षांची नोकरी जाईल.

परवा सरांचा फोन आला होता. याहून मोठ्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन ठरलंय. "चित्रं तूच लावायचीस, दुसऱ्या कुणाचा हात मला चालणार नाही," म्हणाले. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

आज सोमवार आहे. मी टेबलाशी बसून हे लिहितोय. समोरच्या भिंतीकडे अजून मान वर करून बघितलेलं नाही.