दोनशे चौदावं नाव

सत्यशीलाबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये दोनशे तेरा मुलींचे पत्ते होते. गुणवंतरावांनी ते दोनदा मोजले. बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस, डोकी मोजण्यात तो चुकत नसे.

सत्यशीलाबाई, त्यांची बायको, ब्रह्मपुरीच्या मुलींच्या वसतिगृहात सव्वीस वर्षं गृहपाल होती. तिच्या हाताखालच्या पोरी नर्स झाल्या, तलाठी झाल्या, एक तर नागपूरला वकील झाली. पन्नाशी उलटल्यावर बाई कॉम्प्युटर शिकली आणि एकेकीला हुडकून तिचा ईमेलचा पत्ता लिहीत गेली. पत्त्याखालच्या रकान्यात आईलाच ठाऊक असावं असं काही लिहायची. ‘दोडका खात नाई.’ ‘उजव्या कानानं कमी ऐकते.’ गावात दुसऱ्या कोणाच्या बायकोनं असं काम केलं नव्हतं, हे गुणवंतराव चहाच्या टपरीवरही सांगत.

मागच्या फेब्रुवारीत ती गेली. जाताना म्हणाली, “माझी एकही पोरगी सुटाले नको.”

आता सतरा तारखेला वसतिगृहात तिच्या वर्षदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, सगळ्यांना निमंत्रण पाठवायचं होतं, आणि कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. टायपिंग क्लासचे भैयाजी पेन ड्राइव्ह घेऊन आले.

“जुन्या प्रोग्राममधली यादी नव्या मेलमध्ये चढवून टाकू, भाऊ. मंग हा डबा बंद पडला तरी फिकर नाई.”

दुपारी दोनला लाइन जायची, त्याआधी काम उरकलं. पण नव्या पडद्यावर मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि ठिपके आले होते.

“जुना फॉन्ट हाय बाईचा,” भैयाजी म्हणाले. “नव्याले तो वाचता येत नाई. एकेक नाव पाहून पुन्हा टाइप करा लागते. बसा आता, पेन्शन फुकटची खाता का?”

गुणवंतराव हसले. मग त्यांनी खालचा आकडा पाहिला. दोनशे चौदा.

सगळ्या गिचमिडीत एकच नाव स्वच्छ मराठीत होतं. मैनी पुंगाटी. पत्त्याची जागा कोरी. खालच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पायाले लागलं आहे. हळू चालते.’

“हे एकच बरोबर काऊन आलं?”

“बाईनं मागून टाकलं असन.”

जुन्या यादीत ते नाव नव्हतं. असणारच नव्हतं. मैनी एटापल्लीच्या पलीकडची, आठवीतली पोरगी. शहाण्णवच्या दिवाळीत घरी गेली. सुटी संपल्यावर पहाटे वसतिगृहाला यायला पायी निघाली, ती बस थांब्यापर्यंत पोचलीच नाही. सत्यशीलाबाई आठ दिवस त्या जंगलात गावोगाव विचारत फिरली होती. वसतिगृहात कॉम्प्युटर आला तो त्यानंतर पाच वर्षांनी.

गुणवंतराव रोज तीस-पस्तीस नावं टाइप करू लागले. तिसऱ्या दिवशी मैनीच्या रकान्यातला मजकूर बदललेला होता. ‘आलापल्ली. सागाखाली बसलो.’

दोन दिवसांनी ‘आष्टी.’ मग ‘चामोर्शी. पोरगी बोलाले लागली.’

त्यांनी भैयाजींना बोलावून दाखवलं. भैयाजींनी खुर्ची जरा मागं सरकवली.

“कोणीतरी चेष्टा करून राह्यलं, भाऊ. पासवर्ड बदला.”

पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी ‘गडचिरोली’ आलं.

एटापल्लीहून ब्रह्मपुरीकडं येणारे हे सगळे थांबे गुणवंतरावांच्या तोंडपाठ होते. या रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली होती. चालणाऱ्याला कुठून कुठं किती वेळ लागेल, याचा त्यांनी कागदावर हिशेब मांडला. जुळला. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. अकरा वर्षं कोणाला न सापडलेली पोरगी त्यांच्या बायकोनं शोधली होती. मेल्यावरसुद्धा तिनं काम अर्धवट सोडलं नव्हतं.

सोळा तारखेला ‘आरमोरी. उद्या नदी.’

भैयाजी त्या दिवसापासून आले नाहीत.

सतराला एकसष्ट मुली आल्या. कोणी लेकरं घेऊन, कोणी सरकारी जीपमधून. बुद्धवंदना झाली. वकील झालेली पोरगी बाईंबद्दल बोलता बोलता रडली. गुणवंतराव ताठ मानेनं पुढं बसले होते. मधेच उठून ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गेले.

मैनीचा रकाना कोरा होता.

त्यांनी पान पुन्हा उघडलं. कोराच.

तेव्हा ताराबाई दारात आली. ती स्वयंपाकाला गेल्याच वर्षी लागलेली. तिनं सत्यशीलाबाईला कधी पाहिलं नव्हतं.

“भाऊ, पंगतीत शेवटाले बसलेली पोरगी कोणाची जी?”

“कशी आहे?”

“असन तेरा-चवदा वर्षाची. पायाले फडकं बांधून हाय. वाढलं तं खात नाई. म्हनते, थांबा, बाई हात धुऊन येऊन राह्यल्या.”

गुणवंतराव खुर्चीवरून उठले.

“तिच्याजवळ दुसरं ताट वाढ,” ते म्हणाले.

“कोनासाठी?”

मागच्या मोरीवर पाणी वाहत होतं. मग कोणीतरी नळ बंद केला.