लाल पट्ट्याच्या पिशव्या

"अरे याइमा, चिखलात धपाधप पाय काय टाकतोस! तट्टं बुजतील ना!"

"दोन दिवस शोधतोय, मेम्चाताई! आता मीच तट्टू झालोय!"

एरवी मेम्चा खळखळून हसली असती. पण इपूंची, म्हणजे आजोबांची, घोडी नुङशी तीन दिवस उठलीच नव्हती. पोलोच्या मैदानावरची वाऱ्यासारखी पळणारी नुङशी! गुरांचे डॉक्टर म्हणाले होते, "पोटात प्लास्टिक अडकलंय. कुठं खाल्लं ते शोधा, नाहीतर बाकीची तट्टंही जातील." आणि तिचं शिंगरू मात्र दुधासाठी तिला ढुशा देत होतं.

इपूंनी नुङशीला कधी बांधलं नाही. खेळ संपला की फाटक उघडायचं आणि तिला पाणथळीत चरायला सोडायचं. साऱ्या वस्तीची तीच रीत होती. "तट्टू देवाचं. त्याला दोर लावायचा नसतो," इपू म्हणत.

"सापडलं!" लव्हाळ्यातून त्यांचा मित्र लुखोई ओरडला. त्याच्या हातात चघळलेला तुकडा होता, लाल पट्ट्याचा. "आपल्या पोलो क्लबच्या जेवणातला उरलेला भात असल्याच पिशव्यांत भरतात!"

तिघं तडक क्लबात गेले. चिटणीस इबोतोनकाका खेकसले, "आमचा कचरा शहराबाहेर जातो! मोठ्यांना शिकवता का रे?"

बाहेर येऊन मेम्चाने दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं. याइमा मागच्या दाराने आत शिरला आणि बाहेर आला. मग लुखोई धापा टाकत काकांकडे गेला.

"काका, चांदीचा चषक! परवाच्या जेवणानंतर उष्ट्याच्या पिशवीत गेला वाटतं!"

काकांनी कपाट उघडलं. चषक नव्हता! त्यांनी स्कूटर काढली ती थेट पाणथळीमागच्या बांबूच्या बेटाकडे. सायकली दामटत तिघं पोहोचले, तेव्हा काका कोपरापर्यंत ढिगात हात घालून बसले होते. फाटक्या पिशव्यांचा खच पडला होता आणि भोवती खुरांचे ठसे होते.

"चषक कपाटामागे आहे, काका," मेम्चा म्हणाली. "पण जागा बरोब्बर सापडली की तुम्हाला!"

काकांची मान खाली गेली.

संध्याकाळी इपूंच्या अंगणात क्लबची सगळी वडीलधारी मंडळी जमली. "शाब्बास, पोरांनो! तुम्ही आमचे डोळे उघडलेत!" काकांनी तर हात जोडले.

मेम्चाला त्यातलं काही नको होतं. ते तिघं सायकली दामटत असतानाच नुङशी गेली होती. शेवटी तिच्या मानेवर हात ठेवायलाही मेम्चा जवळ नव्हती.

इपू उघड्या फाटकाकडे पाहत म्हणाले, "मेम्चा, नावेचा दोर आण."

"दोर? कशाला, इपू?"

त्यांनी तो शिंगराच्या गळ्यात बांधला. शिंगरू फाटकाकडे ओढ घेऊ लागलं.

"सोडा ना त्याला, इपू!" याइमा रडू लागला.

"कुठं सोडू, बाळा?" इपू म्हणाले, आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.