सत्त्याण्णव टक्के

"बदल मागे घेत आहोत. कॉम्प्युटर बंद करू नका."

पडद्यावरचं हे वाक्य सलग चौथ्या दिवशी वाचून मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात बेल वाजली. मी छापायला जाणाऱ्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावते. मुलांचं विज्ञानाचं पुस्तक, एकशेसाठ पानं, सगळी त्या डब्यात अडकलेली. दुकानवाले कुणीतरी चष्मेवाले काका पाठवतील असं धरून मी आत्याच्या जुन्या गाऊनमध्ये, केसांत पेन्सिल खोचून दार उघडलं. दारात काका नव्हते, माझ्याच वयाचा एकजण होता.

अपडेट अडकलंय ना, असं त्याने विचारलं. मी मान हलवली आणि पेन्सिल खाली पडली. ती उचलायला दोघं एकदमच वाकलो... आणि डोकी आपटली.

खुर्चीत बसून तो कॉम्प्युटरशीच बोलायला लागला. "घाबरू नका, काही होत नाही," असं तो इतक्या मायेने म्हणाला की मला त्या डब्याचा हेवा वाटला. आधी त्याने माझी पानं वेगळ्या डिस्कवर उतरवून दिली. मग फालतू फायली काढून जागा केली, एका काळ्या खिडकीत बराच वेळ काहीतरी वाचलं आणि अपडेट पुन्हा सुरू केलं. दोन तास लागतील, बंद होऊ देऊ नका, म्हणाला. दुकानाच्या हमीत तीन फेऱ्या असतात, पण तशी वेळ येणार नाही.

तुमच्या तोंडात साखर पडो, असं एरवी मी म्हटलं असतं. त्या दिवशी नाही म्हटलं.

मी अंघोळ करून येते तर पडदा काळा! चालू केला, तर पुन्हा तेच. बदल मागे घेत आहोत.

दुसरी फेरी मंगळवारी दुपारी झाली. मी गाऊन घातला नव्हता. आत्याने माझ्या कानातल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि न विचारता चहा टाकला. त्याने ती काळी खिडकी पुन्हा वाचली आणि घरात कोण कोण असतं ते विचारलं. मी आणि आत्या, म्हटलं. आणखी कुणी नाही? — नाही. माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं, त्याच्या कपात मी दोनदा साखर घातली. तरी तो सगळा चहा प्यायला.

तो गेल्यावर मी राखणीला बसले. त्र्याहत्तर टक्क्यांवर आत्या दाताच्या डॉक्टरकडे निघाली, जाता जाता खोलीत डोकावली आणि तिचा हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला. मी तो वरच्या वर धरला. अरे देवा, हे होय! आमच्या आत्याला कुठूनही निघताना बटणं बंद करायची सवय आहे. एकदा तिने दवाखान्यातला पंखा बंद केला होता, डॉक्टर आत बसलेले असताना.

आत्या गेली. नव्वद. पंचाण्णव. सत्त्याण्णव... शंभर झाले की तो परत कशाला येईल? पानं डिस्कवर सुखरूप होती, पुस्तक छापायला जायला दहा दिवस होते. सुखरूप नव्हते ती मीच.

मी बटण दाबलं.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीला तो आला तेव्हा मी हसून सांगितलं की आमच्या आत्याला बटणं बंद करायची खोडच आहे, काय करणार. चोराच्या उलट्या बोंबा! त्याने काळी खिडकी उघडली.

"इथे सगळी नोंद असते," तो म्हणाला. "मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं."

"मंगळवारी चारला मी डॉक्टरसमोर तोंड उघडून बसले होते," स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. "माझ्यावर ढकलू नका."

माझं पितळ उघडं पडलं. कान तापले. पण आता गप्प बसले तर हमीही संपणार आणि तोही जाणार.

"मी बंद केला," मी म्हटलं. "सत्त्याण्णववर. तुम्ही परत यावं म्हणून... मला तुम्ही आवडता."

बॅग उघडून त्याने चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे पहिल्या दिवशीही बॅगेत होतं," तो रिळाकडे बघत म्हणाला. "नोंद तेव्हाच वाचली होती. रोज सकाळी साडेनवाला बंद. गेलेली वीज एवढी शिस्तीची नसते. बटणावर एक पट्टी लावली असती तर काम संपलं असतं."

"मग लावली का नाही?"

"तीन फेऱ्या होत्या ना..."

त्याने अपडेट सुरू केलं. आम्ही शेजारी शेजारी बसून टक्के मोजत राहिलो. त्र्याहत्तरला त्याने माझा हात हातात घेतला. चिकटपट्टी टेबलावरच राहिली.

सत्त्याण्णवला आत्या कप न्यायला आली. निघताना सवयीने तिचा हात बटणाकडे गेला, आमच्याकडे बघून थांबला आणि मागे आला.

"राहू दे," ती म्हणाली. "चालू दे."

दिवा, पंखा, कॉम्प्युटर, आयुष्यात पहिल्यांदाच सगळं चालू ठेवून ती बाहेर गेली. दार मात्र लोटून घेतलं.