ताई, किती राहिले?

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेऊन सांग म्हणाल, तर ज्याच्या गळ्याची शपथ घ्यायची तो माझा भाऊच आता नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही. कुत्र्यांचं रडणं, दिवे जाणं, तसलं काही यात नाही. शुक्रवारची दुपार होती, चारचा सुमार. पडद्याच्या फटीतून टेबलावर ऊन आलं होतं आणि खालच्या चपलांच्या वर्कशॉपमधून सोल चिकटवायच्या गोंदाचा वास येत होता.

आमची खोली त्या वर्कशॉपच्या वर. दहा मशीन म्हणजे कॉम्प्युटर, दहा खुर्च्या.

आमचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना गेम खेळायचा असतो, पण त्यातली हमाली नको असते. ती आम्ही करून द्यायचो. गिऱ्हाईक आपलं कॅरेक्टर आमच्या हवाली करायचं. आम्ही दिवसभर तीच ती डुकरं मारायची, तीच ती झाडं तोडायची आणि लेव्हल वाढवून परत द्यायचं.

भिंतीवर मालकांनी बोर्ड लावला होता. 'इथे खेळू नये.'

तो वाचून पहिल्या दिवशी बोका खो खो हसला होता.

बोका म्हणजे माझा धाकटा भाऊ. स्वयंपाकघरात पावलं न वाजवता शिरायचा आणि डब्यातलं पळवायचा, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. त्याला ही नोकरी मीच लावली. "गेमचं वेड आहे ना तुला? मग खेळ दिवसभर, वर पगार घे," असं मीच म्हणाले होते.

लहानपणी आम्ही दोघं हाच गेम खेळायचो. त्यात एक उंच कडा आहे, खाली तळं. तिथून उडी मारून काही म्हणजे काही मिळत नाही. तरी आम्ही तासन्‌तास उड्या मारायचो. मी लिहायची 'एक', मग 'दोन'. तो 'तीन' लिहायचा आणि दोघं धप्पकन पाण्यात. बाजूबाजूला बसून हसून हसून पोट दुखायचं. आई बटण बंद करायची तेव्हा कुठे उठायचो.

कामावर लागून दोन वर्षं झाली आणि त्याचं हसणं कमी कमी होत गेलं. एकदा चहा पिताना म्हणाला, "ताई, मला हल्ली झाड बघितलं तरी मळमळतं. रस्त्यावरचं खरं झाडसुद्धा."

"चल, नाटक्या," मी म्हणाले.

मी तशीच आहे, तोंडाळ. त्याचं लाडाचं मी ऐकून घ्यायची नाही. त्याला आवरायला माझं एक ठरलेलं उत्तर होतं. तो दर तासाला मान वळवून विचारायचा, "ताई, किती राहिले?" आणि मी स्क्रीनवरची नजर न हलवता सांगायची, "थोडेच राहिले."

ते कधीच थोडे नसायचे. त्यालाही ते ठाऊक असायचं. तरी तो "बरं" म्हणायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

त्या आठवड्यात एका दातांच्या डॉक्टरांची ऑर्डर होती. त्यांना गेममध्ये जहाज बांधायचं होतं, त्यासाठी दहा हजार ओंडके. रविवारच्या आत ऑर्डर संपवली तर दोघांना सुट्टी, असं मालकांनी कबूल केलं होतं. मी ठरवूनच टाकलं होतं की रविवारी घरी बसून आपण तो कडा खेळायचा.

बोक्यानं डॉक्टरांच्या कॅरेक्टरला गंमत म्हणून हिरवी टोपी घातली होती. ती टोपी लक्षात असू द्या.

आम्ही जोडीनं काम करायचो. एकानं पुढे जाऊन झाडं तोडायची, दुसऱ्यानं आपलं कॅरेक्टर 'फॉलो'वर टाकायचं. मग ते आपोआप मागोमाग चालतं आणि निम्मे ओंडके त्याच्या नावावर पडतात. मागच्याला काही करावं लागत नाही. तेवढीच पाठ टेकायला मिळते.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता तो म्हणाला, "ताई, छातीत कसंतरी होतंय. घरी जाऊ का? किती राहिले?"

चार हजारांच्या वर राहिले होते.

मी म्हणाले, "थोडेच राहिले. मला फॉलो लाव आणि डोकं टेक जरा."

"बरं," तो म्हणाला.

आणि त्यानं टेबलावर डोकं टेकलं.

मी झाडं तोडत राहिले. ठक्... ठक्... ठक्... मग कडकड करून झाड पडायचं. हिरवी टोपी माझ्या मागे मागे येत होती. मध्येच मी त्याला म्हणालेसुद्धा, "घोरू नकोस हं, मालक येतील."

तो घोरत नव्हता.

चार वाजता चहा आला. मी त्याच्या खांद्याला हात लावला... खांदा गार होता.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदय. चोविसाव्या वर्षीही होतं कधीकधी. दोन तास झाले असतील जाऊन.

दोन तास. म्हणजे मी त्याला दोन तास माझ्या मागे फिरवत होते.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. घरी आई भिंतीकडे बघत बसायची, ते बघवत नव्हतं. बोक्याचं मशीन मालकांनी काढून ठेवलं होतं. टेबलावर धुळीत फक्त एक चौकोन उरला होता. मी हेडफोन चढवला आणि झाडं तोडायला लागले.

ठक्... ठक्... ठक्...

झाड पडलं. मी पुढच्या झाडाकडे निघाले.

मागे पावलं वाजली.

मी थांबले. पावलं थांबली.

मी चालले... पावलं चालली.

मी हळूच कॅमेरा मागे वळवला. दोन हातांवर हिरवी टोपी उभी होती.

मी पलीकडच्या चष्मिसला हाक मारली. हा आमच्यातला सगळ्यात शहाणा. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "अगं, डॉक्टर स्वतः खेळत असतील. त्यांचंच कॅरेक्टर ना ते?"

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला.

"मी?" ते म्हणाले. "मला कुठे वेळ? तुमचंच चाललंय ना? मी मोबाईलवर आकडा बघतो रोज. मस्त वाढतोय."

"कधीपासून वाढतोय?"

"थांबलाच कुठे होता?"

मी त्यांना पासवर्ड बदलायला लावला. कारण सांगितलं नाही, नुसत्या विनवण्या केल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच बदलला.

दुसऱ्या दिवशी... पावलं तशीच. मी झाड तोडलं नाही, नुसती उभी राहिले. मग हिरवी टोपीच माझ्या पुढे गेली. तिनं कुऱ्हाड उचलली.

ठक्... ठक्... ठक्...

मी हेडफोन काढून फेकला. रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडले, "बोक्या, बास कर! घरी जा!" सगळे वळून बघायला लागले. चष्मिसनं मला पाणी आणून दिलं.

मला भुताची भीती वाटत नव्हती हो. माझा भाऊ होता तो. मला दुसरंच खात होतं. जिवंतपणी ज्याची त्याला शिसारी आली होती, तेच काम तो मेल्यावरही करत होता, आणि त्याला तिथे मीच बसवलं होतं.

मग मला वाटलं, ऑर्डर अर्धवट राहिलीय म्हणून अडकला असेल. दहा हजार झाले की सुटेल.

मी जिवाच्या आकांतानं झाडं तोडली. जेवायला उठले नाही. बोटं सुजली, मनगटाला फडकं गुंडाळलं. आठ दिवस आम्ही दोघांनी जोडीनं काम केलं, पुढे मी आणि मागे तो. एकदा तर मी सवयीनं म्हणून गेले, "चहा घेणार का रे?" आणि मग तिथेच रडले.

आठव्या दिवशी, चारला दहा मिनिटं कमी असताना आकडा पूर्ण झाला.

दहा हजार.

हिरवी टोपी थांबली. कुऱ्हाड खाली गेली.

मी हळूहळू चालायला लागले. तो मागे आला. जंगल ओलांडलं, पूल ओलांडला. मी त्याला त्या कड्यावर घेऊन गेले. खाली तळं होतं, अगदी तेव्हासारखंच निळं. आम्ही दोघं काठावर शेजारी शेजारी उभे राहिलो.

मी लिहिलं, 'एक'.

मग लिहिलं, 'दोन'.

आणि वाट बघत बसले. देवा, फक्त 'तीन' लिहू दे त्याला. एकदा उडी मारू दे. मग जाऊ दे कुठे जायचं तिथे.

पाच मिनिटं गेली... खाली वर्कशॉपमधलं मशीन बंद पडलं. खोलीत चिडीचूप झालं.

स्क्रीनवर अक्षरं उमटली.

'ताई, किती राहिले?'

मी रडत रडत लिहिलं, 'झाले रे. सगळे झाले. ऊठ आता. घरी चल.'

हिरवी टोपी जरा वेळ तशीच उभी राहिली. मग वळली... आणि जंगलाकडे चालायला लागली.

ठक्.

दहा हजार एक.

मी त्याच दिवशी नोकरी सोडली. डॉक्टरांना जहाज मिळालं, पण महिन्याभरात त्यांनी गेमच सोडला. म्हणाले, सगळं आयतं हातात आलं, मजाच येईना. ते कॅरेक्टर पुसून टाका म्हणून मी मागे लागले, तर म्हणाले, दोनदा पुसलं, तरी ते यादीत दिसतंच आहे.

आता मी घरूनच गेम उघडते, रोज दुपारी. आईला वाटतं, मला त्याचं वेड लागलंय. मी काहीही तोडत नाही, नुसती त्याच्याशेजारी जाऊन उभी राहते. तो विचारतो, किती राहिले. मी लिहिते, झाले. मी लिहिते, माझं चुकलं, तुला तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं. आईची आण घातली. रागावले, हाता-पाया पडले.

तो ऐकतच नाही. आकडा परवा एकतीस हजारांच्या वर गेला होता.

का ऐकत नाही, तेही मला माहीत आहे. दोन वर्षं मी त्याला खोटा आकडा सांगितला. आता खरा सांगते, तर त्याला तो पटत नाही.

काल मी फार थकले होते. त्यानं पुन्हा विचारलं. माझं डोकं चालेना. बोटांनी आपलं जुनंच लिहिलं...

'थोडेच राहिले.'

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं उत्तर दिलं. लगेच दिलं.

'बरं.'

आणि कुऱ्हाड उचलली.

आता तीन वाजून पन्नास मिनिटं झाली आहेत. मी गेम उघडलेला नाही, मशीनची वायरही काढून ठेवली आहे. हेडफोन पलंगावर पडलाय, आणि त्यातून बारीक आवाज येतोय. तो थांबला की मला विचारेल, आणि त्याला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.