कोरा चहा

रविवारी सकाळी दामिनी कूलरसाठी नवी खस आणायला खाली उतरली, तेव्हा तिचं मन फार दिवसांनी हलकं होतं. मे महिन्यातलं ऊन आठ वाजताच अंगाला टोचत होतं. सक्करदऱ्याच्या तलावावरून येणारा वारासुद्धा गरम होता, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. रोशनी गेली होती. चुलत बहिणीचं लग्न होतं पारशिवनीला, आणि आठ दिवस घर एकट्या दामिनीचं होतं.

दोन वर्षांपासून त्या दोघी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. दामिनी तेहतीस वर्षांची, एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजीचं व्याकरण शिकवायची. पुण्याला शिकून आली होती आणि येताना तिथली भाषा इस्त्री करून घेऊन आली होती. तिची स्वतःची आई वर्ध्याला अजून ‘मले’ आणि ‘तुले’च म्हणायची, पण ते दामिनी कुणाला सांगत नसे. रोशनी तिच्याहून सात वर्षांनी लहान. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. बुटकी, गोल चेहऱ्याची, मोठ्याने हसणारी. दामिनीच्या मते ती एक गबाळं होती. तिचं बोलणं गबाळं, तिचा डबा गबाळा, तिची चप्पलसुद्धा गबाळी.

तसं कारणही होतं. रोज दुपारी दामिनी क्लासवरून आली की स्वयंपाकघराच्या खिडकीत कोऱ्या चहाचा अर्धा कप ठेवलेला असायचा. न्हाणीघरापासून हॉलपर्यंत ओली पावलं. साबणाला चिकटलेला लांब केस. आणि हॉलच्या भिंतीवर, डोकं टेकून उभं राहिल्यावर पडतो तसा, तेलाचा काळपट डाग. दामिनीने फ्रिजवर यादीच लावली होती. कप वापरल्यावर धुवावा. पाय पुसून बाहेर यावं. भिंतीला डोकं टेकू नये, आपण जनावर नाही. शेवटचं वाक्य तिने लाल शाईने लिहिलं होतं. महिन्यातून एकदा ती रोशनीला त्या यादीसमोर उभं करायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवत बोलायची. रोशनी मान खाली घालून ऐकायची. एकदाही उलटून बोलली नाही. त्या गप्प बसण्याचासुद्धा दामिनीला तिटकारा होता. खेड्यातली माणसं अशीच, ती मनाशी म्हणायची, बोललेलं शिरतच नाही यांच्या डोक्यात.

तर त्या रविवारी तिने घर धुऊन काढलं. खस बदलली, टाकी भरली. मग स्टुलावर चढून भिंतीवरचा तो तेलाचा डाग सोड्याने घासला. वास येत होता त्याला, जुन्या खोबरेल तेलाचा आणि न धुतलेल्या केसांचा. नाक मुरडत तिने भिंत पांढरी केली. संध्याकाळी कूलरसमोर पाय पसरून बसली, तेव्हा पहिल्यांदाच ते घर तिला माणसांचं वाटलं.

सोमवारी दुपारी क्लासवरून आली, तर खिडकीत कप.

अर्धा भरलेला. कोरा चहा, गार, वर पातळ साय धरल्यासारखा तवंग. दामिनीने आधी कपाकडे पाहिलं, मग स्वतःवरच चिडली. काल एवढं आवरताना हा कसा नजरेतून सुटला? नक्कीच पडद्यामागे राहिला असेल. तिने फोटो काढला आणि रोशनीला पाठवला. खाली लिहिलं, ‘लग्नाला जातानासुद्धा घाण ठेवूनच गेलीस. तुला लाज वाटत नाही, हे आता मी मान्य केलं आहे.’ मग कप धुऊन पालथा ठेवला. रोशनीचं उत्तर आलं नाही.

मंगळवारी दीडच्या सुमारास ती परतली. नागपूरचे रस्ते त्या वेळी कसे असतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. पांढरं ऊन, बंद खिडक्या, आणि घराघरातून येणारी कूलरची घरघर. जिन्यात तिच्याच चपलांचा आवाज तिला मोठा वाटला. तिने कुलूप काढलं, आत आली, आणि तिला चहाचा वास आला.

कप खिडकीत होता. तिने हात लावला. गरम होता.

आता मात्र तिचं डोकंच फिरलं. म्हणजे ही बया गेलीच नाही! किंवा मधल्या मधे परत येते, लपून बसते, मला वेड्यात काढते! तिने व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ वाजल्यावर रोशनीचा चेहरा दिसला, हळदीने पिवळा झालेला. मागे मांडव, बायकांची गर्दी, डफड्यांचा आवाज.

“काय झालं, ताई?”

“तू कुठे आहेस?”

“हळदीत हाओ नं... हे पाहा.” तिने फोन फिरवून दाखवला. “काहून?”

दामिनीने फोन बंद केला. पारशिवनी काही पाच मिनिटांवर नाही. म्हणजे घरात दुसरंच कुणी येत होतं. आणि येणार कोण, शेजारच्या कुसुमताईंशिवाय? दोन्ही घरांना गॅलरी एकच. म्हातारीला चहाची तलफ, सून कोरा घोटसुद्धा देत नसेल. चावी केली असेल कुठून तरी. असल्या लोकांचं काय सांगावं.

कुसुमताई गॅलरीत सावलीला बसून वाळलेल्या कुरड्या डब्यात भरत होत्या. दामिनी समोर जाऊन उभी राहिली. बसली नाही.

“कुसुमताई, आमच्या घराची चावी तुमच्याकडे आहे का?”

“माह्याकडं? मी काय करू वं बाई तुमच्या चावीचं?”

“मग दुपारी आमच्या घरात कोण येतं?”

म्हातारीने मान वर केली. तिला प्रश्न समजला नसावा. “येईन कोन? ते रायतेच नं घरी. तुमची ते उंचवाली.”

“कोण उंचवाली?”

“आता काहून मजाक करून राहिली? तुम्ही तिघीजनी नाही का? तू, ते लहानी रोशनी, अन् ते.”

“आम्ही दोघी राहतो,” दामिनी एकेक शब्द तोडून म्हणाली. वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तसं.

“असं...” कुसुमताईंचा हात डब्यातच राहिला. “दोन वर्सं झाले, मी पाहून राहिली. दुपारी कप घेऊन खिडकीत उभी रायते. बोलत नाही कोनाशी. मले वाटे, तुह्यी मोठी बहीन असंन. तुह्यासारखंच नाक मुरडते.”

दामिनी हसली. ते हसू तिला स्वतःलाच कोरडं वाटलं.

“तू त्या पोरीले बोलत रायतं नं,” म्हातारीचा आवाज खाली गेला, “यादीपाशी उभी करून... तवा ते तुह्या मागं उभी रायते. तू बोट दाखवलं का ते बी दाखवते. तू मान उडवली का ते बी उडवते. मी माह्या सुनेले म्हटलंबी, या दोघी बहिनी मिळून त्या पोरीले लय छळतात म्हनून.”

भ्रमिष्ट झाली आहे, दामिनीने ठरवलं. उन्हाने यांचे मेंदू वितळतात. ती वळली. तेवढ्यात आत तिचा फोन वाजू लागला, म्हणून ती घरात शिरली. हॉलमधल्या टेबलावर फोन होता. कॉल रोशनीचा होता.

“ताई, तुमचा कॉल कटला मगाशी. काही झालं का? कालचा मेसेजबी आत्ताच पाह्यला मी...”

त्याच क्षणी वीज गेली.

कूलरचा पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. दोन महिने दिवसरात्र कानात भरलेली ती घरघर एकाएकी गेली, आणि घरात अशी शांतता पसरली की खसेवरून ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागलं. टप्... टप्...

“रोशनी,” दामिनी म्हणाली, “तो खिडकीतला कप... तू पुन्हा पुन्हा का ठेवतेस, एवढंच मला सांग.”

पलीकडे डफडी वाजत होती. मग रोशनी मांडवातून बाजूला गेली असावी, कारण तो आवाज लांब गेला.

“ताई, मी कोरा चहा पेतच नाही. तो तं तुमचा राहते नं?”

“माझा?”

“मी सकाळी ड्युटीवर जायच्या आधी एक धुते, संध्याकाळी आली का एक धुते. ते ओले पायबी मीच पुसते. मले वाटे, तुमची सवय असंन. वरून तुम्ही मलेच बोलता, तं मी म्हनो, मोठ्या हायेत, जाऊ दे.”

दामिनीची नजर भिंतीकडे गेली.

डाग परत आला होता. ताजा. तेल अजून ओलं होतं, त्यातला एक थेंब सावकाश खाली सरकत होता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की रविवारी तो पुसायला आपल्याला स्टुलावर चढावं लागलं होतं. रोशनी तर तिच्या खांद्यालासुद्धा लागत नव्हती. दोन वर्षं तिने त्या डागावरून त्या पोरीचा उद्धार केला होता, आणि एकदाही त्याची उंची पाहिली नव्हती.

स्वयंपाकघरातून आवाज आला. फुर्र... गरम चहाचा घोट घेतल्याचा. सावकाश, निवांत, दुपारची सवड असलेल्या माणसाचा. थोडं थांबून आणखी एक घोट.

“रोशनी...” दामिनीच्या तोंडून पुण्याची भाषा कुठच्या कुठे गेली. “रोशनी, मले भेव लागून राहिलं वं... सैपाकघरात कोनीतरी हाय...”

“ताई, ऐका.” रोशनीचा आवाज एकदम शांत झाला, लॅबमध्ये सुई टोचताना पेशंटशी बोलत असेल तसा. “तिकडं पाहू नका. चपला घाला. कुसुमताईकडं जाऊन बसा. मी निघाली, पहिलीच बस पकडते.”

दामिनी स्वयंपाकघराकडे पाठ करून, भिंतीला धरत दारापर्यंत आली. उंबरठा ओलांडताना मागून ‘च्यक’ असा आवाज झाला. जीभ टाळ्याला लावून केलेला, तुच्छतेचा. तो आवाज तिने लगेच ओळखला. रोशनीने मीठ जास्त टाकलं, दार जोरात लावलं, किंवा नुसती ती हसली तरी दामिनी अगदी तस्साच आवाज काढायची.

रोशनी सहा वाजता आली. लग्न सोडून, हाताची हळद तशीच. तोपर्यंत दामिनी कुसुमताईंच्या पलंगावर पाय वर घेऊन बसलेली होती. म्हातारीने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता, फक्त पाण्याचा तांब्या शेजारी आणून ठेवला होता. ज्या घरातलं पाणीसुद्धा आपण घेणार नाही असं दामिनीने दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं, तिथे ती अख्खा तांब्या प्यायली. रोशनी एकटीच त्या घरात गेली, दोन पिशव्या भरल्या आणि बाहेर आली. आत काय पाहिलं, ते दामिनीने विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

शनिवारी दिवसाढवळ्या चार माणसं लावून त्यांनी सामान उतरवलं. खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक देवराव चाव्या घ्यायला अंगणात आले. वर चला, खोल्या पाहून घ्या, असं रोशनी म्हणाली, तर त्यांनी नुसता हात हलवला. टेम्पो सुरू झाला, तेव्हा मात्र ते जवळ आले.

“तिले सांगून निघाल्या नं, मॅडम?”

“कुणाला?” दामिनीने विचारलं.

देवरावांनी एकदा वर पाहिलं, खिडकीकडे. “सांगून निघालं का बरं राहते,” ते पुटपुटले आणि लगबगीने आत निघून गेले.

दोघींपैकी कुणीही वर गेली नाही.

आता त्या मानेवाड्याला राहतात. जागा लहान आहे, पण फ्रिजवर यादी नाही. दामिनी स्वतःचा कप धुते, रोशनीचाही धुते. कधी रोशनीचं काही चुकलं तर जीभ टाळ्यापर्यंत जाते आणि तिथेच थांबते. दुपारी दामिनी घरी एकटी असते, म्हणून रोशनी ड्युटीवरून रोज दोन वाजता फोन करते. काही खास बोलत नाही. “ताई, तुम्हीच नं?” एवढंच विचारते. दामिनी “हो, मीच,” म्हणते आणि फोन ठेवते.

गेल्या गुरुवारी दामिनीला क्लासमध्ये उशीर झाला. अडीच वाजता ती घरी आली, कुलूप काढलं, तेव्हा फोन गादीवरच पडलेला दिसला. सकाळी घाईत तो घरीच विसरला होता. तिने तो उचलून पाहिला. दोन वाजता रोशनीचा कॉल येऊन गेला होता. चुकलेला नव्हता. उचललेला होता. चार मिनिटं, अकरा सेकंद.

ती संध्याकाळपर्यंत दाराबाहेर पायरीवर बसून राहिली. सात वाजता रोशनी आली. खूश होती. चपला काढता काढता लाजल्यासारखी हसली आणि म्हणाली,

“आज किती गोड बोलल्या तुम्ही माह्याशी, ताई.”